जपानी ठसाचित्रांतली नदी: सुमिदाचं पाणी निळं का नाही?

सुरंगी
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ टोकियोहून येताना माझ्यासाठी दोन जपानी चित्रांच्या प्रिंट घेऊन आला. दोन्ही सुमिदा नदीवरच्या उन्हाळ्यातल्या नौकाविहाराच्या. एक तोरिई कियोनागा या चित्रकाराचं, आझुमा पुलाखालच्या होड्या, १७८० च्या दशकातलं. दुसरं हिरोशिगेचं, ऱ्योगोकुची आतषबाजी, १८५८ चं. फ्रेम करून हॉलमध्ये शेजारी शेजारी लावली, आणि आई चहा घेत बराच वेळ बघत बसली होती ती एकदम म्हणाली, "या बायका होडीत बसल्यात खऱ्या, पण पाणी कुठाय? नदी आटली का काय?"

तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाही. हिरोशिगेची नदी गडद निळी, रात्रीची, त्यात होड्यांचे दिवे. आणि कियोनागाच्या चित्रात होड्या, पुलाचे लाकडी खांब, उंच उंच बायका, सगळं इतकं देखणं, पण पाण्याच्या जागी पेजेच्या रंगाचा कागद आणि बारीक रेघा. कियोनागाने पाणी रंगवलंच नव्हतं का? का तेव्हा निळा रंग मिळत नव्हता? का रंग उडाला? चित्रकलेतलं मला काही कळत नाही पण या चित्रांनी वेड लावलंय. ज्यांना जे माहीत आहे ते लिहा, नदीबद्दल, होड्यांबद्दल, बायकांबद्दल, काहीही चालेल.

केवडा
आईंची नजर भारी आहे. मी आत्ताच नेटवर कियोनागाची पाचसहा चित्रं उघडून बघितली, सगळीकडे पाणी असंच फिकट. इतकी वर्षं ही चित्रं बघतेय पण कधी लक्षातच आलं नव्हतं.

पिंपळपान
मला वाटतं पाणी मुद्दाम कोरं सोडलंय. चीन-जपानकडच्या चित्रांत रिकाम्या जागेला मोठा मान असतो. धुकं, आकाश, पाणी काहीच न रंगवता दाखवतात, आणि बघणारा ते मनाने भरून घेतो. कियोनागाला माणसं दाखवायची होती, पाणी रंगवलं असतं तर सगळं लक्ष तिकडे गेलं असतं. उगाच रंग उडाला वगैरे शोधायला जाऊ नये, आहे ते पूर्ण चित्र आहे.

ठसेवाला
प्रिंटमेकिंग शिकलोय आणि लाकडावर स्वतः काम करतो म्हणून लिहितो. पिंपळपान, रिकाम्या जागेचं तुमचं म्हणणं शाईने काढलेल्या चित्रांना अगदी लागू पडतं, पण इथे भानगड वेगळी आहे. आधी हे चित्र तयार कसं व्हायचं ते बघा म्हणजे लक्षात येईल.

एका चित्रामागे चार माणसं. प्रकाशक पैसे घालणार आणि विषय ठरवणार, चित्रकार काळ्या रेघांचं रेखाटन पातळ कागदावर देणार, कोरणारा ते रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटं चिकटवून कोरणार (म्हणजे मूळ रेखाटन तिथेच संपलं, लाकडाबरोबर कापलं गेलं), आणि छापणारा छापणार. पहिला ठसा काळ्या रेघांचा. मग प्रत्येक रंगाला साधारण वेगळा ठसा. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खाच ठेवतात, तिला केंतो म्हणतात. दमट कागद त्या खाचेत टेकवायचा, वर सोडायचा आणि पाठीमागून बारेनने घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सालीच्या दोरीची चकती आणि तिच्यावर बांबूच्या खोळीचं आवरण, तळहातात मावेल एवढी. प्रेस नाही, यंत्र नाही, सगळा जोर खांद्यातून. मी स्वतः करून बघितलंय, तीन रंगांचं साधं पान छापताना दहातले चार कागद हलले होते. ही माणसं दहा-बारा ठशांचं चित्र शेकड्यांनी छापायची.

आता निळा. पूर्ण रंगीत छपाई १७६५ च्या सुमारास हारुनोबु या चित्रकाराच्या वेळी आली. त्या काळी निळ्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी होत्या, नीळ आणि एका फुलाचा रस. फुलाचा निळा छापायला सोपा, मऊ, आकाशासारखा, म्हणून पाण्याला आणि कपड्यांना तोच वापरायचे. त्याचा दोष एवढाच की उजेड लागला की उडतो आणि पाणी लागलं की वाहून जातो. दोनशे-अडीचशे वर्षांत ते चित्र कितीतरी घरांच्या भिंतींवर लागून गेलं असणार. निळा गेला, मागे पिवळट-मातकट कागद राहिला. भावाने आणलेली प्रिंट अशा उडालेल्या प्रतीच्या फोटोवरून छापलेली दिसते. तुमच्या आईंनी जे विचारलं त्याचं उत्तर असं आहे की नदी खरोखर आटली आहे.

सुरंगी
अंगावर काटा आला वाचून. कुठलं फूल ते?

ठसेवाला
जपानीत त्सुयुकुसा, म्हणजे दवाचं गवत. शास्त्रीय नाव कॉमेलिना कॉम्युनिस. सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटून जातं.

रानभाजी
थांबा थांबा, कॉमेलिना?? अहो हा तर आपला केना! आपल्याकडे शेतात बांधावर पावसाळ्यात जो माजतो तो कॉमेलिना बेंगालेन्सिस, ही त्याची सख्खी चुलत बहीण. तेच ते दोन निळ्या पाकळ्यांचं चिमुकलं फूल, हिरव्या द्रोणासारख्या पानातून डोकावणारं. आमच्या घरी पहिल्या पावसानंतर केन्याची भजी झालीच पाहिजेत असा नियम आहे.

केवडा
केना? म्हणजे शेतकरी उपटून बांधावर फेकतात तो? फेकला तरी पुन्हा रुजतो तो? त्याने उतामारो आणि कियोनागाच्या नद्या रंगवल्या?

आजोबा६८
केन्याची पानं धुवून पूर्ण कोरडी करा, मग बेसनात बुडवा. ओली राहिली तर भजी तेल पितात. पिठात ओवा हवाच.

रानभाजी
आजोबा, ओवा तर हवाच, आणि चमचाभर तांदळाचं पीठ, कुरकुरीत होतात.

ठसेवाला
रानभाजी, अगदी तोच गोतावळा. जपानात रंगासाठी त्याचीच मोठ्या फुलांची जात लावायचे, आत्ताच्या शिगा प्रांतात कुसात्सुकडे. रंग साठवायची पद्धत फार सुंदर आहे. पाकळ्या पहाटे खुडायच्या, रस काढायचा, तो रस कागदावर फासायचा, वाळवायचा, पुन्हा फासायचा, असं करत करत कागद काळपट निळा होतो. हा कागद बाजारात विकायचा. छापणाऱ्याने त्याचा तुकडा फाडून पाण्यात टाकायचा की रंग तयार. म्हणजे निळा रंग कागदातून येतो आणि पुन्हा कागदावर जातो. किमोनोवर नक्षी काढणारे कारागीर याच रसाने कच्ची रेघ काढतात, कारण काम झाल्यावर पाण्याने धुतली की ती निघून जाते. ज्या गुणासाठी त्यांना तो हवा, त्याच गुणाने आपली नदी गेली.

आणि लाल-गुलाबी कशाचा? करडईचा. पाकळ्यांतून काढतात. आपल्याकडे जुन्या लोकांना कुसुंबी रंग माहीत आहे, तोच. जांभळा हवा असेल तर करडईच्या लालात या फुलाचा निळा मिसळायचा. त्यामुळे जुन्या चित्रांत जो तपकिरी-करडा किमोनो दिसतो तो पुष्कळदा मूळचा जांभळा असतो, त्यातला निळा उडून गेलेला.

गोधडी
माझं माहेर सोलापूरकडचं. करडईचं तेल, करडईची भाजी आणि उन्हाळ्यात काट्यांनी भरलेली करडईची शेतं, एवढंच माहीत होतं. तिच्या पाकळ्या जपानी बाईच्या ओढणीत असतील असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पिंपळपान
ठसेवाला, माहिती उत्तम, पण एक शंका. रंग उडालाच आहे हे ठरवणार कसं? उडालेला रंग आणि मुळातच न लावलेला रंग दोन्ही दिसायला सारखेच की. तुम्ही म्हणता म्हणून मानायचं का?

ठसेवाला
प्रश्न योग्य आहे, आणि त्याला पुरावा आहे. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये स्पॉल्डिंग बंधूंचा संग्रह आहे, सहा हजारांहून जास्त चित्रांचा. त्यांनी तो १९२१ साली दिला तो एका अटीवर, ही चित्रं कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत. यातली बरीच चित्रं त्यांच्यासाठी फ्रँक लॉइड राइट या आर्किटेक्टने १९१३ मध्ये जपानात हिंडून घेतली होती. अट घातली ती उजेडाने रंग जातात म्हणूनच. त्यामुळे ती चित्रं अंधारात राहिली आणि आता त्यांचे डिजिटल फोटो कुणालाही घरबसल्या बघता येतात. तीच चित्रकार मंडळी, तोच काळ, पण जांभळे जांभळे आहेत आणि पाण्यावर निळा आहे. एकाच ठशाच्या दोन प्रती, एक भिंतीवर राहिलेली आणि एक पेटीत राहिलेली, शेजारी ठेवून बघा. मग शंका राहत नाही.

पिंपळपान
हे मान्य. बॉस्टनची साइट उघडून तासभर बघत होतो. पण माझा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, कारण त्या न उडालेल्या प्रतींतसुद्धा कित्येक ठिकाणी पाण्याचा मोठा भाग कोराच आहे आणि नुसत्या रेघा आहेत. म्हणजे दोन्ही गोष्टी होत्या.

ठसेवाला
हो, दोन्ही होत्या. प्रत्येक चित्र वेगळं बघायला हवं. आणि पाण्याच्या त्या बारीक रेघा कोरणं हे किती अवघड आहे ते मला विचारा, एक रेघ तुटली की सगळी फळी गेली. केसांच्या कडेचे बारीक केस कोरायला तर मुख्य कारागीरच बसायचा.

नदीकाठ
टोकियोत अकरा वर्षं राहतेय, धागा उशिरा दिसला. नदीबद्दल आणि उन्हाळ्याबद्दल मी लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की इथला उन्हाळा म्हणजे आपल्या मे महिन्यासारखा कोरडा नाही. जुलैत पाऊस संपला की दमट, चिकट, रात्रीसुद्धा वारा नाही अशी हवा असते, मुंबईकरांना बरोबर कळेल. लाकडाच्या, दाटीवाटीच्या एदो शहरात (म्हणजे जुन्या टोकियोत) माणसं संध्याकाळी घराबाहेर पडायची आणि नदीवर जायची. जपानीत सुझुमी हा शब्द आहे, त्याचा अर्थ गारवा खायला बाहेर पडणं. या चित्रांच्या नावांत तो सारखा येतो. म्हणजे चित्राचा विषय नदी नाही, होडीसुद्धा नाही, गारवा आहे. बायका पंख्याने वारा घेतायत, किमोनो मानेवर जरा सैल केलाय, कुणी हात पाण्याकडे सोडलाय. एकदा गारवा शोधत चित्र बघितलं की ते वेगळंच दिसतं.

आता ऱ्योगोकु पूल. १६५७ ला एदोत महाभयंकर आग लागली होती, नदीवर तिथे पूल नसल्याने हजारो माणसं पलीकडे जाऊ शकली नाहीत आणि मेली. त्यानंतर हा पूल बांधला. ऱ्योगोकु म्हणजे दोन प्रांत, नदीच्या अलीकडचा मुसाशी आणि पलीकडचा शिमोसा. आगीतून वाट मिळावी म्हणून बांधलेल्या पुलाच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा ठेवली होती, तिथे चहाची दुकानं, खेळ करणारे, खाण्याच्या टपऱ्या उभ्या राहिल्या आणि ते शहरातलं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण झालं. उतामारोचं सहा कागदांचं एक चित्र आहे, वरच्या तीन कागदांवर पुलावरची माणसं आणि खालच्या तीनवर पुलाखालच्या होड्या. सहाही एकत्र लावले की वर गर्दी आणि खाली पाणी. ते नक्की शोधून बघा.

नौकाविहाराचा हंगाम ठरलेला होता. जुन्या पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या २८ तारखेला नदी 'उघडायची', त्याला कावाबिराकी म्हणतात, आणि आठव्या महिन्याच्या २८ ला बंद व्हायची. उघडायच्या रात्री आतषबाजी.

आजोबा६८
नदीकाठ, एक विचारतो. ते जुनं पंचांग चांद्र होतं ना? महिना अमावास्येनंतर सुरू व्हायचा? मग २८ तारीख म्हणजे आपल्या हिशेबाने वद्य त्रयोदशी-चतुर्दशी. चंद्र नाही, आकाश काळंकुट्ट. आतषबाजीला याहून चांगली रात्र कुठली.

नदीकाठ
आजोबा, नमस्कार घ्या. इतकी वर्षं इथे राहून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. महिना अमावास्येपासूनच धरायचे, आपल्या महाराष्ट्राच्या पंचांगासारखाच. पाचवा महिना साधारण आपला ज्येष्ठ येतो.

आजोबा६८
म्हणजे आमच्याकडे बेंदराची तयारी चालू असते त्या सुमारास तिकडे होड्या सजायच्या. छान.

वेंगुर्लेकर
मी होड्यांवर बोलणार, कारण माझ्या घरात तीन पिढ्या होडीवर गेल्या. सुरंगीताईंनी सांगितलेली चित्रं मोठी करून बघितली. बोट चालवणारा माणूस बघा. तो बसून वल्हवत नाही, मागच्या टोकावर उभा आहे आणि हातात एकच लांब वल्हं आहे, ते खुंटीवर टेकवून आडवं हलवतो, माशाच्या शेपटीसारखं, पाण्याबाहेर काढत नाही. त्यामुळे आवाज नाही आणि पाणी उडत नाही, आत बसलेल्या बायांच्या कपड्यांवर एक थेंब नाही. उथळ पाण्यात किंवा खांबाजवळ बांबू वापरतात, आमच्या खाडीत वापरतात तसाच. चित्रकाराने नाव रेटणाऱ्याच्या पायांची ठेवण बरोबर पकडलीय, एक पाय पुढे रोवलेला आणि अंगाचा भार मागे. ज्याने होडी जवळून बघितली नाही त्याला ते जमणार नाही.

होड्यांचे प्रकार कुणी सांगेल का? काही छपराच्या आहेत, काही नुसत्या अरुंद.

नदीकाठ
वेंगुर्लेकर, त्या वल्ह्याला इथे रो म्हणतात. होड्या अशा: मोठी, घरासारखं छप्पर असलेली ती याकाताबुने, तिच्यात श्रीमंतांच्या मैफिली, शामिसेन हे तंतुवाद्य वाजतंय, जेवण चाललंय. लहान, चार खांबांवर छप्पर आणि बाजूला बांबूचे पडदे ती यानेबुने. अरुंद, टोकदार, वेगवान ती चोकिबुने, आपल्या रिक्षासारखी, एकदोन माणसं बसवून सुसाट, सान्या कालव्याच्या तोंडापर्यंत म्हणजे योशिवारा या वेश्यावस्तीकडे जाणाऱ्यांची. आणि माझी सगळ्यात आवडती उरोउरोबुने. उरोउरो म्हणजे इकडे तिकडे घुटमळणं. ही फेरीवाल्यांची होडी, मोठ्या होड्यांमध्ये घुसून कलिंगड, खाऊ, साके विकणारी. आतषबाजीच्या चित्रांत नीट बघा, एखादी तरी सापडते.

केवडा
म्हणजे सिग्नलला गाडीच्या काचेशी येणारे आपले गजरेवाले, पण पाण्यावर. मस्त!

गोधडी
मला एक खुपतंय ते लिहिते. चित्रं सुंदर आहेत, गारवा कळला, केना कळला. पण या बायका कोण? इतक्या सजलेल्या, इतक्या निवांत. योशिवाराचं नाव वर आलंच आहे. लहानपणी विकलेल्या, कर्जात अडकलेल्या मुली तिथे असायच्या हे वाचलंय. त्यांचं आयुष्य असं होडीत बसून वारा खाण्याचं नव्हतं. चित्र विकणाऱ्या प्रकाशकाला त्यांचं सौंदर्य विकायचं होतं. आपण दोनशे वर्षांनी वा वा करतो तेव्हा हे विसरायचं का?

नदीकाठ
गोधडी, विसरायचं नाहीच. उलट म्हणूनच नीट बघायला हवं. योशिवाराच्या बायकांना त्या वस्तीबाहेर मोकळेपणी जाता येत नसे, भिंत आणि खंदक होता, दार एकच. त्यामुळे नदीवरच्या होडीत ज्या दिसतात त्या बऱ्याचदा गेइशा (मैफिलीत गाणाऱ्या-नाचणाऱ्या), चहाघरातल्या मुली किंवा व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका असतात. गेइशांची आयुष्यंही सोपी नव्हती. पण नदीवर आलेली प्रत्येक बाई तीच होती असं नाही. कियोनागाच्या कितीतरी चित्रांत लेकराला घेऊन आलेल्या, मोलकरणीसोबत आलेल्या साध्या घरच्या बायका आहेत.

गोधडी
हे माहीत नव्हतं. पण हिरोशिगेचं ते पाइनच्या झाडाचं चित्र बघितलं का, शुबि नो मात्सु? रात्र, वरून झुकलेली फांदी, खाली छपराची होडी आणि बांबूच्या पडद्यामागे बाईची नुसती सावली. चेहरा नाही. मला ते सगळ्यात खरं वाटलं. चित्रकाराने तिला बघणाऱ्याच्या नजरेपासून जरा आडोसा दिलाय.

सुरंगी
गोधडी, आत्ता शोधून बघितलं. आकाशात चांदण्या पण आहेत. मी दहा मिनिटं त्या सावलीकडेच बघत होते. ती काय करत असेल, वाट बघतेय का बोलतेय कुणाशी, काही कळत नाही.

ठसेवाला
हिरोशिगे आला तर निळ्याचा पुढचा भाग पण सांगून टाकतो. १७०० नंतर काही वर्षांत बर्लिनमध्ये एक कृत्रिम निळा सापडला, प्रशियन ब्लू. डचांच्या आणि चिन्यांच्या जहाजांतून नागासाकीला यायचा पण महाग होता. १८३० च्या आसपास स्वस्त झाला आणि ठसाचित्रांत पूरच आला. बर्लिनवरून त्याचं जपानी नाव बेरो. हा उजेडाला टिकतो, गडद होतो, पातळ केला तरी स्वच्छ राहतो. होकुसाईची फुजीची चित्रं आणि हिरोशिगेच्या नद्या यावर उभ्या आहेत. सुरंगी, तुमच्या भिंतीवरच्या दोन चित्रांमध्ये सत्तरेक वर्षांचं अंतर आहे, आणि मधे ही निळी पूड.

पण नुसता रंग नाही. हिरोशिगेची नदी काठाशी गडद आणि मधे फिकट होत जाते ना, ती बोकाशी. ठशावर ओलं फडकं फिरवायचं आणि मग ब्रशने रंग एका कडेला लावायचा, तो ओल्यात आपोआप पसरत फिका होतो. हे लाकडात कोरलेलं नसतं, दर कागदाला छापणाऱ्याने हाताने करायचं. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींतली नदी सारखी नसते. नाव हिरोशिगेचं लागतं पण नदीची खोली छापणाऱ्याच्या मनगटात आहे, आणि त्याचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं.

केवडा
यावरून आठवलं, योशिदा हिरोशीने १९२६ ला शिडाच्या होडीचं एक चित्र त्याच ठशांवरून वेगवेगळ्या रंगांत छापलं, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, धुकं. होडी तीच, पाणी तेच, वेळ वेगळी. हाच योशिदा पुढे भारतात येऊन गेला आणि ताजमहाल, उदयपूर वगैरेचे ठसे केले. ठसेवाला तुम्हाला नक्की आवडेल.

ठसेवाला
केवडा, माझ्या टेबलासमोर तेच लावलंय, धुक्यातलं.

वेंगुर्लेकर
एक शंका. हिरोशिगेच्या आतषबाजीत रंग का नाहीत? आमच्या जत्रेत हिरवा-लाल-जांभळा सगळा असतो. त्याने फक्त पिवळट-तांबूस ठिणग्या काढल्यात. छापायला रंग होते की.

नदीकाठ
वेंगुर्लेकर, कारण आतषबाजीच तशी होती. एदो काळात नुसती दारू: सोरा, गंधक, कोळसा. त्यातून निखाऱ्यासारखा तांबूस उजेडच निघतो. हिरवा, लाल, निळा देणारी रसायनं एदोनंतरच्या मेइजी काळात परदेशातून आली. म्हणजे त्याने बघितलं तेच छापलंय. कोबायाशी कियोचिकाचं १८८० चं ऱ्योगोकुचं आतषबाजीचं चित्र पण बघा, तिथे काळोख इतका आहे की माणसं नुसती काळी आकृती झालीत.

आतषबाजी करणारी दोन घराणी होती, कागिया आणि त्यातूनच फुटून निघालेलं तामाया. पुलाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि लोक ज्याची आवडली त्याचं नाव ओरडायचे. १८४३ ला तामायाच्या घरातून आग लागली, आजूबाजूची वस्ती जळली, आणि त्याला एदोतून हद्दपार केलं. घराणं संपलं. पण आजसुद्धा आकाशात फटाका फुटला की माणसं "तामायाऽऽ" ओरडतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, तामाया कोण? त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि पुढच्या फटाक्याला मलाच ओरडायला लावलं.

सुरंगी
नदीकाठ, आता तिथे कसं आहे? तीच नदी दिसते का? भाऊ म्हणाला सिमेंटच दिसलं.

नदीकाठ
खरं सांगायचं तर पहिल्यांदा गेले तेव्हा रडू आलं होतं. पुरापासून बचावासाठी उंच काँक्रीटच्या भिंती, एका काठावर डोक्यावरून जाणारा एक्सप्रेसवे. १९६० च्या दशकात नदीला इतका वास यायचा आणि ट्रॅफिक इतकं वाढलं होतं की आतषबाजीच बंद पडली होती, ती १९७८ ला पुन्हा सुरू झाली. आता पाणी बरंच स्वच्छ आहे. जुलैच्या शेवटच्या शनिवारी साधारण २०,००० फटाके उडतात, बसायला जागा मिळवायची तर भर उन्हात जाऊन चटई अंथरावी लागते. यानागिबाशीला, कान्दा नावाची नदी जिथे सुमिदाला मिळते तिथे, अजून याकाताबुने बांधलेल्या असतात. ऑफिसच्या पार्टीला एकदा गेले होते, माणशी १०,००० येनच्या पुढे, ताज्या तळलेल्या तेंपुराचा वास, एसी, कराओके, काचा बंद. मी थोड्या वेळाने वर डेकवर गेले. तिथे वारा होता. पुलाखालून होडी जाताना एकदम गार होतं, सावलीचं आणि पाण्याचं, आणि आवाज बदलतो. तेवढ्या पाच-सहा सेकंदात मला कियोनागाचं चित्र कळलं. तो पुलाखाली का गेला ते. उन्हाळ्यात नदीवर सगळ्यात गार जागा तीच आहे.

वेंगुर्लेकर
बरोबर. आमच्याकडे पण दुपारी होडी पुलाखाली नेऊन बांधतात.

पिंपळपान
नदीकाठ, हा प्रतिसाद वाचून मी परत कियोनागाकडे गेलो. मी रिकामी जागा रिकामी जागा म्हणत होतो, पण तिथे निळा होता हे कळल्यावर आता ते चित्र मला गार वाटायला लागलंय.

सुरंगी
मंडळी किती लिहिलंत, मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. केना ऐकल्यावर ती हसायलाच लागली, म्हणाली आमच्या शेतात मण-मण उपटलाय. मग तिने विचारलं की प्रिंटवर ऊन येतं त्याचं काय. हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. प्रिंट आजची आहे तरी दोन्ही फ्रेमा पॅसेजमध्ये हलवल्या, देवघरासमोरच्या भिंतीवर. स्पॉल्डिंगच्या साइटवर जाऊन कियोनागाच्या नद्या पण दाखवल्या. तिने मोबाइल हातात घेतला, बोटाने मोठं केलं आणि म्हणाली, "हां, आता आहे पाणी."

रानभाजी
मी धागा वाचल्यापासून एक उद्योग केला तो सांगते. सकाळी सात वाजता सोसायटीच्या मागे जाऊन केन्याची फुलं तोडली, भरपूर वाटली पण वाटीत तळालाच राहिली. नऊनंतर गेलं तर मिटलेली असतात, त्यामुळे चार दिवस रोज लवकर उठले. पाकळ्या खलात चुरल्या, रस जेमतेम नखाएवढा. हातकागदावर कापसाने लावला, वाळला की परत लावला. चौथ्या दिवशी स्वच्छ निळा आला, पहाटेच्या आकाशाचा असतो तसा, मला वाटलं नव्हतं इतका. त्या कागदाचा अर्धा भाग वहीत दाबून ठेवलाय आणि अर्धा खिडकीत, बघूया.

आणि आज मुलगा शाळेतून भिजून आला, कागदापाशी वाकून बघायला लागला, त्याच्या केसांतून एक थेंब पडला. मी पुसायच्या आत निळा सरकून कडेला गेला आणि मधे पांढरं गोल वर्तुळ राहिलं.

ठसेवाला
तो कागद टाकू नका.

रानभाजी
नाही टाकणार. फोटो उद्या दिवसाउजेडी काढून टाकते.